वीतभर चुकलेला उजेड

लोक नावं ठेवायला कुणालाच सोडत नाहीत. ह्या गवंड्याला मात्र त्यांनी एकच नाव ठेवलं होतं, आणि तेही मानाचं: ओळंबा. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला दोरीला लोखंडी वजन बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. हा माणूस कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी भिंतीकडे बघायचा, मग घरातल्या माणसांकडे. एकदा कंबर दाखवायला दवाखान्यात गेला आणि तपासणीच्या टेबलावर पालथं पडल्या पडल्या म्हणाला, "डॉक्टर, तुमची दाराची चौकट कललीय." डॉक्टर म्हणाले, "आधी तुमचा कणा बघू, मग माझी चौकट."

बाप गवंडीच होता. परांचीची फळी मोडून तो पडला तेव्हा हा सतरा वर्षांचा होता आणि धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. आई बांधकामावर घमेली वाहायची. बाप गेल्यावर चौथ्या दिवशी ती पुन्हा घमेलं उचलायला गेली. मोठ्याने शाळा सोडली आणि बापाची थापी हातात घेतली. पुढे धाकट्यालाही त्यानेच सगळं शिकवलं, चुना किती भिजवायचा इथपासून ते मालकाशी किती बोलायचं इथपर्यंत. पहिली गोष्ट धाकट्याला पक्की जमली, दुसरी कधीच नाही. तो बोलघेवडा. परांचीवर उभा राहून रस्त्यावरच्या माणसाशी गप्पा मारायचा आणि दोन गप्पांच्या मधे एक वीट ठेवायचा. आई दोघांना 'मोठ्या' आणि 'धाकट्या' एवढंच म्हणायची. पन्नाशी आली तरी त्यांची नावं तीच राहिली.

शहराच्या कडेला एक टेकडी आहे आणि टेकडीवर एक दगडी खोली. कुणी बांधली, कधी बांधली, कुणालाच नक्की सांगता येत नाही. हजारो वर्षांपूर्वीची आहे एवढंच सगळे म्हणतात. हत्तीएवढे दगड उभे करून भिंती केल्यात, वर एकच प्रचंड शिळा आडवी टाकलीय. दाराच्या वर एक जाड दगड बसवलाय आणि त्या दगडात आरपार, दोन हात खोल, एक झरोका कोरलाय. मागच्या भिंतीवर थाळीएवढं वर्तुळ आहे, एकात एक अशा रेघांचं. वर्षभर ते अंधारात असतं. फक्त वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, थंडी हाडात शिरते त्या दिवसांत, सूर्य समोरच्या डोंगराआडून वर येतो आणि झरोक्यातून सरळ आत उतरतो. काठापासून काठापर्यंत ते वर्तुळ उजेडाने भरतं. दूध उतू जायला लागतो तेवढाच वेळ. मग उजेड सरकतो आणि पुन्हा वर्षभर अंधार.

बाप गेला त्या हिवाळ्यात आई घरात कुणाशीच बोलत नव्हती. कामावर जायची, चूल पेटवायची, ताटं वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. त्या लहान दिवशी मात्र तिने दोन्ही पोरांना पहाटे उठवलं आणि टेकडीवर नेलं. का नेलं, ते तिने कधी सांगितलं नाही. खोलीत दहापंधरा माणसं दाटीवाटीने उभी होती. उजेड आला, वर्तुळ भरलं, उजेड गेला. बाहेर पडल्यावर आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला रे, भूक लागली असेल तुम्हाला." दीड महिन्यात ती पहिल्यांदा काही बोलली होती.

त्यानंतर एकही वर्ष चुकलं नाही. ताप असो, काम असो, तिघं जायचीच. खोलीत माणसं मावायची पंधरा, बाहेर रांग दोनशेची. पुढे पुढे आई इतकी जुनी झाली की राखणदार तिला रांगेत उभंच करायचा नाही. "आजी, तुमची जागा ठेवलीय," म्हणायचा आणि आत घ्यायचा. उजव्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून ती उभी राहायची.

मोठा एक्कावन्न वर्षांचा असताना झरोक्याच्या दगडाला तडा गेला. वरच्या शिळेचा भार त्याच्यावरच. जुन्या वास्तूंची देखभाल करणाऱ्या खात्याने ठरवलं की शिळेला टेकू द्यायचा, दगड खाली उतरवायचा, आत पोलादी सळ्या भरून तडा सांधायचा आणि पुन्हा होता तसा बसवायचा. कामावर इंजिनिअर साहेब होते, पोरसवदा, मनाने चांगले, पण सतत घड्याळाकडे बघणारे. त्यांनी शहरात विचारलं की दगडाचं काम कुणाला द्यावं. दहापैकी नऊ जणांनी सांगितलं, ओळंब्याला द्या.

दगड उतरवण्याआधी त्याने तीन दिवस नुसती मापं घेतली. साहेबांचं मोजणीचं यंत्र होतं, पण ते आठवडाभरासाठी आलं आणि दुसऱ्या कामावर गेलं. ह्याने जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकल्या, त्यांच्यावरून दोऱ्या ताणल्या आणि दगडाच्या प्रत्येक कोपऱ्याचं अंतर काळ्या वहीत लिहिलं. एक खुंटी चार वेळा काढून पुन्हा ठोकली, तेव्हा त्याचं समाधान झालं. धाकटा म्हणाला, "दादा, ज्यांनी हे बांधलं त्यांनीसुद्धा एवढा वेळ लावला नसेल."

"त्यांची आई ते बघायला येणार नव्हती," मोठा म्हणाला.

दगड उतरला, सांधला. आता तो परत चढवायचा होता. त्यासाठी मोठी क्रेन लांबून येणार होती, एकाच दिवसासाठी. नेमकी त्याच्या आदल्या दिवशी मोठ्याची बायको पोट धरून खाली बसली. पित्ताशयात खडे झाले होते, लगेच ऑपरेशन करावं लागलं. "जन्मभर दगडाधोंड्यांत काढलीत," ती गुंगीत नवऱ्याला म्हणाली, "आता माझ्या पोटातही सापडले." तो पाच दिवस दवाखान्यातून हलला नाही. जाताना धाकट्याला एवढंच सांगितलं होतं, "बाकी काहीही होऊ दे, खुंट्यांना कुणाला हात लावू द्यायचा नाही."

खुंटीला हात कुणी लावला नाही. लागलं ते ट्रकचं चाक. परांचीचे खांब घेऊन आलेला ट्रक मागे येताना चढावर घसरला आणि एक खुंटी उखडली गेली. धाकट्याने पाहिलं. त्याने ती उचलली, जुनं भोक मातीत दिसेनासं झालं होतं, तरी अंदाजाने जागा धरली आणि ठोकून टाकली. वही मोठ्याकडे होती. क्रेन घरघरत उभी होती, साहेब घड्याळ बघत होते. संध्याकाळच्या आत दगड वर बसला. दुसऱ्या दिवशी चुन्याचे सांधे भरून झाले.

मोठा परत आला तेव्हा सांधे वाळले होते. त्याने दोरी सोडून पाहिली. दगड सरळ उभा होता, पातळीतही होता. कुणीही शाबासकी दिली असती. मग त्याची नजर खाली गेली. तीन खुंट्यांभोवती माती घट्ट होती, गवत उगवलं होतं. चौथीभोवती माती भुसभुशीत होती.

"ही खुंटी हलली होती का रे?"

"नाही दादा."

धाकट्याला खरं बोलायचं असलं की तो आधी डोकं खाजवायचा. खोटं तेवढं पटकन यायचं.

दुपारी सगळे डबे उघडून बसले तेव्हा मोठ्याने वही काढली आणि एकट्याने मापं घेतली. चार बोटांचा फरक. त्या एका खुंटीमुळे दोरी फिरली होती आणि दोरीबरोबर दगडाचं तोंड. दोन हात खोल झरोका, तोंड जरासं फिरलं तरी आतली कड उजेडाच्या वाटेत येणार, हे त्याला तिथेच कळलं.

सांगायचं तर आत्ता सांगायला हवं होतं. पण सांधे फोडायचे म्हणजे तडा पुन्हा उलायची भीती. साहेबांची नाचक्की. आणि सगळ्यात मोठी गोष्ट धाकट्याची होती. वीस वर्षं रोजंदारीवर काढल्यावर खातं त्याला कायमचा मिस्त्री म्हणून घेणार होतं, दोन महिन्यांत कागद निघणार होता. त्याच्या दोन मुली शाळेत होत्या. इथे चूक कळली असती तर तो कागद निघालाच नसता.

'चार बोटं,' त्याने स्वतःला सांगितलं. 'एवढ्या हजारो वर्षांच्या दगडाला चार बोटांचं काय?' बोटभर फरकासाठी ज्याने उभ्या भिंती पाडल्या होत्या, त्याने वही मिटून पिशवीत टाकली.

धाकट्याला नोकरी लागली. खाकी गणवेश घालून तो आईला दाखवायला आला तेव्हा तिने छातीवरचा पितळी बिल्ला बोटांनी चाचपून पाहिला. "तुझ्या बापाला हे बघायला मिळायला हवं होतं," म्हणाली. मोठा खिडकीबाहेर बघत होता.

मग हिवाळा आला आणि तो दिवस आला. आई तेव्हा शहात्तरची होती. दोघांनी दोन बाजूंनी दंड धरून तिला टेकडीवर नेलं. वाटेत ती तीनदा थांबली आणि तिन्ही वेळा म्हणाली, "दम नाही लागला, नुसतं बघतेय." राखणदाराने जागा ठेवली होतीच.

सूर्य वर आला. झरोक्यातून उजेडाची एक पातळ पट्टी आत उतरली आणि वर्तुळाच्या डावीकडे, वीतभर अंतरावर, जिथे काहीच कोरलेलं नाही अशा खडबडीत कडेवर पडली. वर्तुळ अंधारातच राहिलं. जे पहिल्यांदा आले होते त्यांना ती पट्टीही नवलाची वाटली. जुन्यांपैकी कुणीतरी पुटपुटलं, "धुकं असेल." आई मात्र पापणी न हलवता वर्तुळाकडेच बघत होती. दुसरीकडे कुठे बघायचं हे तिला माहीतच नव्हतं.

"आला का रे?" तिने हळूच विचारलं.

"आला की आई," धाकटा म्हणाला. "हा काय, आलाय."

"मला नाही दिसत."

"डोळे तपासायला हवेत तुझे." हेही पटकन आलं.

मोठा दोन हात अंतरावर उभा होता. त्याने सगळं ऐकलं. आईने डोळे चोळले, पुन्हा बघितलं, पुन्हा चोळले. तोवर पट्टी सरकून गेली होती. उतरताना ती एकदाही थांबली नाही. घरी येऊन खुर्चीवर बसली आणि सुनेला म्हणाली, "माझं झालं आता. डोळे गेले."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिला मोठाच घेऊन गेला. डॉक्टरांनी दिवा मारून दोन्ही डोळे तपासले. "मोतीबिंदू आहे, पण कोवळा आहे. घाई करायचं कारण नाही. ह्या वयात वाट बघू."

"मला पुढच्या हिवाळ्याच्या आत करायचंय," आई म्हणाली.

"एवढं काय अडलंय आजी?"

"आहे माझं एक काम."

डॉक्टरांनी मोठ्याकडे बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं. त्याने टेबलावरच्या कागदावर सही केली.

वसंतात एक डोळा झाला, पावसाळ्यानंतर दुसरा. महिना महिना थेंब टाकायचे, वाकायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही. तिने सगळं शाळकरी पोरीसारखं पाळलं. पट्टी निघाल्यावर घरात फिरून आली आणि सुनेला म्हणाली, "एवढी धूळ होती होय घरात? मला वाटायचं तू झाडतेस." सून हसली. मग आईने मोठ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला. "किती म्हातारा झालास रे मोठ्या. मला कुणी सांगितलंच नाही."

त्या रात्री बायकोने विचारलं, "जेवला नाहीत नीट?" तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती उठून बसली. "अहो, मग सांगा ना आईंना. अजून दोन महिने आहेत."

"धाकट्याचं काय होईल?"

"आणि आईंचं?" ती म्हणाली. सांगू, उद्या सांगू, असं करता करता दोन महिने गेले.

दुसऱ्या वर्षी आकाश काचेसारखं स्वच्छ होतं. आई काठी घेऊन, कुणाचा हात न धरता चढली. आत तिने वर्तुळ पाहिलं. अंधुक उजेडातही त्याच्या सगळ्या रेघा आता तिला दिसत होत्या. तिने मोजल्यासुद्धा. मग सूर्य आला. पट्टी डावीकडे पडली. ह्या वेळी तिला तीही दिसली. ती सरकत कशी गेली, वर्तुळाला न शिवता कशी पुढे गेली, ते तिने शेवटपर्यंत पाहिलं. मग वळून दोघा मुलांकडे बघितलं. धाकटा बुटाकडे बघत होता. मोठाही.

अर्ध्या उतारावर ती थांबली. धाकटा रांग आवरायला मागे राहिला होता.

"दगड हललाय," ती म्हणाली.

"हो."

"कुणी हलवला?"

"माझ्या हातून झालं आई."

"तू तेव्हा दवाखान्यात होतास. मी तुझा डबा बांधून देत होते." ती खालच्या घरांकडे बघत होती. आवाज चढला नाही. "आणि मला डोळे कापून घेऊ दिलेत. दोघांनीही."

त्याने काठी धरलेला तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागली.

त्यानंतर त्या गोष्टीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. रागावली असती, भांडली असती, चार लोकांत बोलली असती तर बरं झालं असतं. ती जेवायची, औषध घ्यायची, नातींच्या वेण्या घालायची. धाकटा आला की त्यालाही चहा द्यायची. फक्त 'मोठ्या' म्हणून हाक मारणं बंद झालं. काही हवं असलं तर सुनेला सांगायची, "त्याला सांग." उन्हाळ्यात तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. दगड हलल्यापासूनचा तिसरा लहान दिवस तिला दिसायचा नव्हताच.

पंधरा दिवसांनी मोठा धाकट्याच्या घरी गेला. धाकटा गणवेश घालून कामावर निघत होता.

"मी खात्याला पत्र लिहितोय," मोठा म्हणाला. "दगड पुन्हा बसवायला हवा."

धाकटा बुटाची नाडी बांधता बांधता थांबला. "आई होती तेव्हा गप्प बसलास. आता कुणासाठी?"

"तुझं नाव नाही घालणार."

"कुणासाठी, ते विचारतोय मी."

मोठ्याने बरंच शोधलं. "मला झोप येत नाही रे," एवढंच सापडलं.

"तुला झोप यावी म्हणून माझ्या पोटावर पाय," धाकटा म्हणाला. "माझी चूक एका दुपारची होती, दादा. तू दोन वर्षं बघत बसलास. मी घाबरलो होतो. तुला कसली भीती होती?"

धाकटा खरं बोलत होता. बोलण्याआधी त्याने डोकं खाजवलं होतं.

पत्र गेलं. त्यात मोठ्याने लिहिलं की काम माझं होतं, फरक मला माहीत होता, मी लपवला. धाकट्याचं नाव खरंच घातलं नाही. पण खात्याने चौकशी काढली, हजेरीपुस्तक उघडलं, आणि दगड चढला त्या दिवशी कोण हजर होतं आणि कोण नव्हतं हे तिथे शाईने लिहिलेलं होतं. साहेबांची बदली झाली. धाकट्याचा बिल्ला गेला. महिन्याभरात तो बायकोमुलींना घेऊन मेव्हण्याच्या शहरात निघून गेला, तिथे लोकांच्या न्हाणीघरांना फरशा लावू लागला. जाताना मोठ्याकडे आला नाही. त्याची बायको येऊन गेली, जावेच्या गळ्यात पडून रडली, मुलींनी दारातून वाकून काकाकडे बघितलं आणि रिक्षात बसल्या.

शहरात बातमी फुटली तेव्हा लोकांना चघळायला विषय मिळाला. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणायचं, "ओळंबाच वाकडा निघाला, आता भिंतीला काय बोलणार?" तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मोठी कामं बंद झाली. कुंपणं, पायऱ्या, पाण्याच्या टाक्या, असली किरकोळ कामं तेवढी येत राहिली. ती तो पूर्वीसारखीच करायचा, पण झाल्यावर मागे सरून बघायचं त्याने सोडून दिलं.

आणि दगड? कारकून म्हणाला, "फाइल वर गेलीय." वर म्हणजे कुठे ते त्यालाही माहीत नव्हतं. एका वर्षी खात्याने वर्तमानपत्रात छापलं की हजारो वर्षांत सूर्याचा मार्गच किंचित बदलत असतो. मोठ्याची बायको म्हणाली, "चला, सूर्यावर ढकललं. तो काही पत्र लिहून उत्तर देणार नाही." दर हिवाळ्यात तो एकटा टेकडीवर जायचा, रांगेत उभा राहायचा, आणि पट्टी त्याच उघड्या कडेवर पडलेली बघून खाली यायचा. लोक विचारायचे, "कशाला जाता, चुकीचंच बघायला?" तो म्हणायचा, "बघायला पाहिजे ना कुणीतरी."

पत्रानंतर सातव्या वर्षी नवीन इंजिनिअर आल्या, पिकल्या केसांच्या बाई. त्यांनी जुनी कागदपत्रं एकेक करून वाचली आणि एका सकाळी त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुमच्या पत्रात लिहिलंय की मूळ मापं तुमच्याकडे आहेत."

त्याने काळी वही काढून दिली. बाईंनी पानं उलटली, मग उभ्या उभ्याच पहिल्यापासून पुन्हा वाचली. "अशी वही आमच्या खात्यात कुणी ठेवत नाही," म्हणाल्या. "तुम्ही या कामाला."

तेव्हा तो साठीला आला होता. एक गुडघा कामातून गेला होता, परांचीवर चढायची परवानगी नव्हती. तो खाली उभा राहिला, मान वर करून. क्रेनने दगड तोलून धरला होता, वर चार तरुण गवंडी पहारी लावून उभे होते. हा खालून सांगत होता, "अजून. अजून जरा. थांब. केसभर मागे. बस." बाईंनी यंत्र लावून बघितलं. यंत्र आणि वही, दोघांचं जमलं.

त्या हिवाळ्यात लहान दिवशी आभाळ भरून आलं. चारशे माणसं थंडीत कुडकुडत उभी राहिली आणि राखाडी उजेड बघून परत गेली. बाई त्याला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. ह्या दिवसांत सूर्य जवळजवळ एकाच जागी उगवतो. उद्या येऊन बघा." त्या स्वतः रात्रीच्या गाडीने जाणार होत्या.

दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नव्हतं. राखणदाराने कुलूप काढून दिलं आणि तो बाहेर शेकोटीशी जाऊन बसला. मोठा आत गेला आणि मधोमध उभा राहिला. गुडघा ठणकत होता. झरोका आधी करडा झाला, मग पिवळसर. मग एकदम उजेड आत उतरला आणि वर्तुळावर बसला. काठापासून काठापर्यंत. एकही रेघ सुटली नाही.

आपल्याला रडू येईल, असं त्याला नऊ वर्षं वाटत आलं होतं. निदान छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. उजेड छान होता, जसा असायचा तसा. तो बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं की आपण दगडाची कडच तपासतोय. आईला तो कसा दिसत असेल, ते त्याला आता कधीच कळणार नव्हतं. तिला त्याने कधी विचारलं नव्हतं. मग उजेड सरकला, वर्तुळाचा डावा काठ आधी विझला, मग उजवा.

बाहेर आल्यावर राखणदार म्हणाला, "झालं ना मनासारखं?"

"बसलाय," तो म्हणाला.

खालच्या पायरीवर बसून त्याने फोन काढला. धाकट्याचा नंबर त्याने सात वर्षांत कितीदा लावायला घेतला होता. फोन धाकट्याच्या बायकोने उचलला.

"दादा? इतक्या सकाळी? सगळं ठीक ना घरी?"

"ठीक आहे गं. आहे का तो?"

"नाहीत घरी. लवकर गेले कामावर."

तिच्या मागे कुणीतरी खोकलं. चुन्याच्या धुळीचा तो खोकला, कोरडा, दोनदोनदा येणारा. मोठ्याने तो वीस वर्षं शेजारच्या फळीवरून ऐकला होता.

"बरं," तो म्हणाला. "आला की सांग, दगड जागेवर बसला. मी आत्ताच बघितलं."

"सांगते."

त्याने फोन कानाला तसाच धरून ठेवला. खोकला पुन्हा आला नाही. तिकडेही कुणीतरी श्वास धरून उभं असावं.

"दादा, गुडघा कसा आहे तुमचा?"

"चालतोय."

"थंडीत फिरू नका फार. मुली आठवण काढतात. ठेवते."

त्याने फोन खिशात टाकला. राखणदार शेकोटीवर माती लोटत होता. ऊन खालच्या छपरांवर पोचलं होतं आणि रस्त्यावर शाळेच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. एका बेकरीच्या मागच्या बाजूला पायऱ्यांचं काम अर्धं राहिलं होतं, आज दुपारपर्यंत संपवायचं कबूल केलं होतं. गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि एकेक पाऊल जपून टाकत टेकडी उतरू लागला.